भाऊबीजेचे बारा टिप्पर

कोरोनात माझा वास गेला तो परत आलाच नाही. चव आली, ताकद आली, ओरडायचा आवाज तर आधीपेक्षा दुप्पट आला. वास मात्र गेला तो गेलाच. बायको शिक्षिका आहे. गॅसवर दूध ठेवून ती शाळेची तयारी करायला आत गेली की दूध करपून पातेलं काळं होईपर्यंत मी शेजारीच पेपर वाचत बसलेला सापडतो. मग ती पातेलं माझ्यासमोर आदळते आणि म्हणते, "तुमच्यापेक्षा मांजर पाळलं असतं तर बरं झालं असतं." हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात निम्मा वाटा माझ्या नाकाचा आहे. उरलेला निम्मा माझ्या हौसेचा.

मी लातूरचा, मातीकामाचा ठेकेदार. मोठा बिलकुल नाही. एक पोकलेन, दोन टिप्पर आणि हे तोंड, एवढीच माझी इस्टेट. लातूर-नांदेड रस्ता रुंद करायचं काम एका मोठ्या कंपनीनं घेतलं होतं आणि अहमदपूरच्या अलीकडचा दोन किलोमीटरचा तुकडा, खोदाई आणि भराव, त्यांनी मला दिला होता.

आमच्याकडची काळी माती पिकाला सोन्यासारखी आणि रस्त्याला पक्की दुश्मन. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर फाडून टाकते. म्हणून रस्ता रुंद करताना कडेची काळी उकरून काढायची आणि तिथं मुरूम भरून दाबायचा. काढलेली माती टाकायची कुठं, हा प्रश्न आमच्या भागात कुणाला पडतच नाही. पोकलेनचं पहिलं बकेट वर येतं न येतं तोच मोटारसायकलवरून शेतकरी हजर होतात. "मालक, आमच्याकडं टाका की चार टिप्पर!" ज्याचं रान माळाचं आहे, तो तर चहा घेऊन येतो. त्यामुळं कामाचा रेट भरताना 'मातीची विल्हेवाट' या ओळीपुढं मी शून्य टाकतो. सगळेच टाकतात. त्या वेळी मी जो शून्य टाकला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग आकडा निघाला.

आता अक्काबद्दल सांगतो. अक्का माझी मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. आमच्या आप्पांचं औशाजवळ सहा एकर रान होतं. काळंभोर, आणि इतकं मऊ की अनवाणी चालावं. आप्पा गेल्यावर अक्का रजिस्ट्री ऑफिसात आली आणि तिनं हक्कसोड करून दिलं. म्हणजे बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडला, असं लिहून दिलं. आमच्याकडं बहिणी असं करतातच. कुणी जबरदस्ती करत नाही आणि कुणी विचारतही नाही. सही झाली, आम्ही हॉटेलात भजी खाल्ली, मी तिला एक साडी घेतली, संपला विषय. पुढं त्यातलं दोन एकर विकून मी पोकलेन घेतलं. अक्काला मिळालेलं घर चांगलं, दाजी म्हणजे देवमाणूस, दावणीला देवणी बैलांची जोडी. पण रान? नांगर घातला की दगडं वाजतात. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी कोरडं.

आणि हे अक्काचं गाव माझ्या साइटपासून फक्त चार किलोमीटर! मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. दिवाळीच्या तोंडावर आमची खोदाई एका लांबलचक पट्ट्यात आली आणि खाली अशी माती लागली की मी बघतच राहिलो. काळी कुळकुळीत, तेलकट चमक असलेली. हातात घेतली की गोळा होत होता. मी ऑपरेटरला म्हणालो, "थांब, ही कुणाला द्यायची न्हाई. ही माझ्या बहिणीची."

ऑपरेटर हिमायतनगरकडचा, माझ्याकडं सात वर्षं काम करतो, माणूस शहाणा आहे. तो म्हणाला, "मालक, हिला वास येऊन राहिला."

मी म्हणालो, "तुझ्याच कपड्याचा येत असंल."

आणि यात मी काही चूक बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. मातीकामाच्या साइटवर तेलाचा वास येणं म्हणजे काही विशेष नाही. डिझेल, ग्रीस, ऑइल, यातच आमचा दिवस जातो. त्याचं म्हणणं मी उडवून लावलं आणि तो बिचारा गप्प बसला, कारण माझ्यापुढं दोनदा बोलायची माझ्या साइटवर पद्धत नाही.

भाऊबीजेला मी अशी मिरवणूक काढली की गावानं बघावं! दोन्ही टिप्परांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ बांधले, आणि सकाळपासून सहा-सहा खेपा. बारा टिप्पर काळी माती अक्काच्या रानात. पहिल्या टिप्परवर मी स्वतः केबिनमध्ये बसलो होतो. गावातली माणसं दारात आली. अक्का ताट घेऊन बांधावर उभी होती. तिनं मला ओवाळलं, मग टिप्परलाही कुंकू लावलं आणि म्हणाली, "ह्याच्या तोंडाला साखर कशी लावू गं बाई?" सगळे हसले. मी छाती फुगवून सांगितलं, "अक्का, एवढी वर्षं साड्याच घेतल्या तुला. ह्या बारीला रान देतो."

अक्का मातीच्या ढिगावर हात ठेवून उभी राहिली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आठ दिवसांत पसरवून घेते. हरभरा पेरते हिच्यात." त्या दिवशी मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि लातूरला येईपर्यंत गाणं म्हणत आलो. बायको म्हणाली, "आज काय झालं?" मी म्हणालो, "कर्ज फेडलं." खरंच तसंच वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर साइट सुरू झाली आणि चौथ्या दिवशी त्या पट्ट्यात खाली काळं पाणी झिरपायला लागलं. आमच्या कामावर देखरेख करायला कन्सल्टंटकडून एक मॅडम असायच्या. नांदेडच्या, नवीन इंजिनिअर, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. डोक्यावर हेल्मेट, पायात चिखलाचे बूट आणि बोलणं सरळ. त्या खड्ड्याजवळ आल्या, नाक दाबलं आणि ओरडल्या, "काका, तुम्ही काय करून राहिलात? हे बंद करा आधी!"

मी नेहमीप्रमाणं भडकलो. "मॅडम, दिवसाला पोकलेनचा खर्च किती हाय, ठाऊक हाय का?" त्यांनी सरळ चहावाल्याकडून काचेचा ग्लास घेतला, त्यात पाणी, पाण्यात चिमूटभर माती, आणि चमच्यानं हलवलं. मग ग्लास उन्हात धरला. पाण्यावर निळे, जांभळे, पिवळे रंग पसरले होते.

"काका, ही माती न्हाई. हे इंजिन ऑइल आहे. मातीत मुरलेलं."

त्या जागी आधी ट्रकच्या गॅरेजांची रांग होती. रुंदीकरणाचा मोबदला घेऊन मंडळी पलीकडं सरकली होती. त्यातला एक म्हातारा मिस्त्री अजून तिथंच झाडाखाली बसायचा. मॅडमनं त्याला विचारलं, तर तो अगदी आनंदानं म्हणाला, "वो खड्डा? वो तो मेरे अब्बा के टाइम का है. ऑइल बदला की उसीच में. जमीन पीतीच गई, कभी भराइच नहीं." आणि कौतुकानं त्या खड्ड्याकडं बघत राहिला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खड्ड्यामुळं नाही. अक्काचं रान डोळ्यापुढं आलं. हरभरा. आणि त्या रानाच्या खालच्या बाजूला दाजींची विहीर.

"ह्यातली माती बाहेर कुठं गेली का?" मॅडमनं विचारलं.

"कुठंच न्हाई," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं मी लोकांवर ओरडलोय, पण खोटं बोलायची सवय नाही.

नमुने तपासायला गेले. आले तेव्हा जी काही नावं त्यात होती ती मला वाचता आली नाहीत, पण अर्थ कळला: ही माती कुठल्याही शेतात, कुठल्याही नाल्यात टाकायची नाही. असली घाण घेणारी जागा पार पुण्याकडं, आणि तिथपर्यंतचं भाडं, तिथला दर, सगळा हिशोब करून बघितला तर माझं पोकलेन विकूनही भागलं नसतं. मी कंपनीच्या साहेबांकडं धावलो. साहेबांनी कागद उघडला आणि बोट ठेवलं. "विल्हेवाट, शून्य. तुमच्याच सहीचा आहे हा रेट. आम्ही काय करणार?" मी टेबलावर हात आपटला, कपातला चहा त्यांच्या फायलीवर सांडला, आणि तरीही त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

ह्या सगळ्यात खरी फिकीर एकच होती. अक्का रोज सकाळी मला फोन करायची. जेवलास का, पोरं कशी हायत, एवढंच. त्या आठवड्यात मी तिचा फोन घेतला नाही. दोन दिवस वाजला आणि मग तिचा फोन यायचाच बंद झाला. मला वाटलं, कळलं तिला. हरभरा जळाला असणार, विहिरीला वास आला असणार, आणि आता ती माझ्याशी बोलणार नाही. बापाचं काळं रान तिच्याकडून घेतलं आणि बदल्यात तिच्या रानात गॅरेजची गटार ओतली. असा भाऊ! मला जेवण जाईना. पण गाडी काढून चार किलोमीटर जायची हिंमत होईना. बाकी कुणाशीही भांडायला मी एका पायावर तयार असतो.

शेवटी मॅडमनं टेप लावून खड्डा मोजला आणि साइटवर ताडपत्रीखाली ठेवलेला ढीगही मोजला. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. "काका, ही तेलकट माती खाली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या शून्यात ती धरता येत न्हाई. जादा काम म्हणून मागा, मी बाजूनं लिहिते. पण खड्डा मोठा आहे आणि ढीग लहान. मधली माती कुठंय? ते खरं न सांगता मी एक ओळही लिहिणार न्हाई."

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग म्हणालो, "बहिणीच्या रानात."

"विकली?"

"न्हाई. भाऊबीजेला दिली."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. हसू दाबायला त्यांनी हेल्मेट काढून तोंडापुढं धरलं, पण खांदे हलत होते. मलाही मग हसू आलं, काय करणार! माझं हसू रडल्यासारखं निघालं. तेव्हा त्या उठल्या. "चला. आत्ताच आणायची ती माती. पेरली का त्यांनी?"

"ठाऊक न्हाई, मॅडम."

पोकलेन ट्रेलरवर चढवलं, दोन्ही टिप्पर मागं, आणि आम्ही निघालो. झेंडूच्या वाळलेल्या माळा अजून टिप्परच्या तोंडावर लोंबत होत्या. त्या मी वाटेत थांबून तोडून टाकल्या. मला त्या बघवेनात.

गावाचं वळण घेतलं आणि रान दिसलं. बारा ढीग. जसेच्या तसे, ओळीनं, बांधाला लागून. एकही पसरवलेला नव्हता. वर उसाच्या पाचटाचं पांघरूण आणि भोवती कुदळीनं ओढलेली गोल चारी, पाणी आलंच तर बाहेर जाऊ नये अशी. अक्का बांधावर उभी होती. टिप्पर बघून तिनं पदर डोक्यावर घेतला.

मी उतरलो. तिच्यासमोर उभा राहिलो आणि जे वाटेत घोकून आलो होतो त्यातलं काहीच आठवेना. "अक्का, माती न्यायला आलोय. ती खराब हाय. माझी चूक झाली."

अक्का एकदम खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पण ती हसत होती. "सुटले रे बाबा! किती दिस झाले, मला झोप न्हाई!"

झालं असं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी तिनं ढिगात हात घातला तर हात काळा झाला आणि साबणानं निघेना. दाजींनी बैल आणले, कुळव धरून माती पसरवायला, तर बैलांनी वास घेतला, फुर्र केलं आणि पाऊल पुढं टाकीनात. देवणी बैल ते, एकदा न्हाई म्हणाले की न्हाईच! दाजी म्हणाले, भैय्याला फोन लावतो. अक्कानं फोन हिसकावून घेतला. "माझा भाऊ पहिल्यांदा काहीतरी हौसेनं देऊन गेलाय, त्याला नाव ठेवायचं न्हाई." बायका माती बघायला येत, तर ती त्यांना सांगायची, "जरा मुरू द्यायलेय. चांगली माती लगेच पसरवायची नसती." पाचट घातलं, चारी काढली, आणि फोनवर मातीचं नाव काढलं नाही; मी फोन घेईना झालो तेव्हा आता मला काय सांगावं हे सुचेना म्हणून तिनं फोन करणंही बंद केलं.

"आगं, मग सांगायचं की मला!" मी ओरडलो. ओरडणं माझ्या हातात नसतं.

"कशी सांगू? तू दिलंस न. दिलेलं कसं परत करू?"

"विषासारखी हाय ती!"

"हाव, म्हणून तर पेरली न्हाई. पण तुला बी कसं तोंडावर सांगू? टिप्परला कुंकू लावलं म्या!"

दाजी बांधावर बसून सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "बहीण भाऊ दोघं बी एकाच मापाचे." आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

पोकलेननं ढीग उचलले, खालची वीतभर जमीनही खरवडून घेतली. मॅडमनं स्वतः वाकून त्याखालचे नमुने पिशव्यांत भरले. विहिरीचं पाणीही घेतलं. ती दोन्ही पुढं स्वच्छ निघाली, अक्काच्या चारीमुळं. तोवर अक्कानं त्यांना चहा दिला, शेंगदाण्याची चटणी-भाकरी दिली, लग्न झालं का विचारलं, का नाही झालं तेही विचारलं. मॅडम बेजार झाल्या पण दुसरी भाकरी मागून घेतली.

मग कागद निघाला. कुठून किती माती परत नेली, जमिनीच्या मालकाची सही. मॅडमनं अक्कापुढं पेन धरलं. "ताई, सातबाऱ्यावर तुमचं नाव कसं आहे, तसं सांगा."

अक्का हसली. "माझं कुठलं नाव? हे रान ह्यांच्या नावावर हाय. आप्पांच्या रानात होतं नाव, ते बी सोडून दिलं. मी कोण म्हणून सही करू, मॅडम?"

ती थट्टेतच बोलली होती. तिच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. दाजींनी सही केली, कागद फायलीत गेला, टिप्पर निघाले. पण मी तिथंच उभा राहिलो. मला लाज वाटली, आणि साधी नाही. ज्या बाईनं तेलकट माती पाचटाखाली झाकून ठेवली पण भावाला नाव ठेवलं नाही, तिनं त्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात काय झाकून ठेवलं असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं. भजी खाल्ली आणि घरी आलो.

मातीचं पुढं मॅडमनंच जमवलं. त्यांनी कुठल्या तरी प्राध्यापकांना विचारलं आणि कळलं की असली तेलकट माती पुण्याला नेलीच पाहिजे असं नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, त्यावर ती पसरायची, शेण आणि उसाचा भुस्सा मिसळायचा, ओल ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी उलटीपालटी करायची. शेणातले जंतू तेल खातात. कंपनीचे साहेब म्हणाले, "शेण?" मी म्हणालो, "हाव, शेण! तुमच्या फायलीवर चहा चालतो तर मातीत शेण का चालत न्हाई?" परवानग्यांसाठी चार टेबलांवर चपला झिजवल्या. पण बारा टिप्परांचं मी स्वतःहून कबूल केलं होतं, खड्डा आणि ढीग यांचं माप बराबर जुळलं होतं, त्यामुळं बाकीच्या कागदावर कुणी शंका घेतली नाही. खड्ड्यातल्या मातीचा खर्च जादा काम म्हणून मंजूर झाला. बारा टिप्परांचं जाणं-येणं मात्र माझ्या खिशातून गेलं, आणि ते बरोबरच होतं.

शेण कुणी पुरवलं? अक्कानं! तिनं आजूबाजूच्या चार गोठ्यांचं गोळा करून ट्रॉलीच्या ट्रॉली पाठवल्या. मला वाटलं बहीण म्हणून फुकट देईल. तिनं रोख रेट लावला. वर म्हणाली, "ह्यात भाऊबीज आणू नको. एकदा आणलीस तेवढी बस झाली." उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा नमुने गेले आणि पास झाले. शेतात टाकायला नाही, पण पुलाच्या कडेच्या भरावाला चालली. ऑपरेटरनं शेवटचं बकेट टाकलं आणि मला विचारलं, "मालक, आता वास येत न्हाई. तुम्हाला येऊन राहिला का?" सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझी टिंगल केली, आणि मी ऐकून घेतली.

त्या पावसाळ्यात मी औशाला चार चकरा मारल्या. आप्पांच्या रानातलं विकून उरलेलं चार एकर होतं. त्यातल्या दोन एकराचं बक्षीसपत्र केलं. तलाठ्याकडं फेरफाराला वेळ लागला, तिथंही मी एकदा ओरडलो. बायकोला सांगितलं तेव्हा मी तयारीनं बसलो होतो, की आता ही काय म्हणते. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवता म्हणाली, "एवढी वर्षं लागली तुम्हाला?" आणि पुढची वही घेतली.

भाऊबीजेला यंदा टिप्पर नव्हता. मोटारसायकलवर गेलो. अक्कानं ओवाळलं आणि मी ताटात घडी घातलेला कागद ठेवला.

"हे काय? आता कशाची तपासणी?" ती म्हणाली. "विहिरीचं पाणी पुन्हा न्यायलास का?"

"वाच की."

अक्का सातवी शिकलेली. तिनं चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. गाव, गट नंबर. मग बोट थांबलं. तिथं तिचं नाव होतं, आणि नावापुढं आप्पांचं. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत आली आणि बोट पुन्हा तिथंच थांबलं.

"वेडा हायस का तू?" ती म्हणाली. "मी मागितलं होतं का?"

"न्हाई. तू कधी मागितलंस?"

मग तिच्या तोंडावर ते खोडकर हसू आलं, लहानपणी मला झाडावर चढवून खालून शिडी काढून घेताना यायचं तसलं. "थांब, तुझं काही खरं न्हाई. आधी वास घेऊन बघते," असं म्हणून तिनं कागद नाकाला लावला.

आणि लावला तो लावलाच. खाली घेईना. कागदामागचं तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मी ओवाळायच्या पाटावर तसाच बसून राहिलो.

चुलीजवळून दाजी म्हणाले, "उठा आता दोघं बी. पोळ्या गार व्हायल्यात."